बटणं आणि मसाल्याचा डबा

मसाल्याचा डबा कायद्याने कुणाच्या मालकीचा असतो, हे मला ठाऊक नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. मर्कंटाइल लॉ या विषयाने मला काठावर पास करून सोडून दिलं, आणि त्यात डब्याचं कलम असल्याचं काही आठवत नाही. पण डब्यातल्या सात वाट्या कुणी कुठे ठेवायच्या, याबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही. जिच्या हातात पळी, तिची मांडणी. फोडणीचं तेल तापलेलं असताना डोळे कढईत असतात आणि हात न बघता मोहरीच्या वाटीत जातो. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुणीने सहज म्हणून वाट्या फिरवल्या, तर आमटीत जिऱ्याच्या जागी मेथ्या पडतात, आणि त्यानंतर घरात जे पडतं ते कुठल्याच वाटीत मावत नाही.

आता कल्पना करा. डबा बनवणाऱ्या कारखान्याचा एक माणूस एके सकाळी टाय लावून तुमच्या दारात उभा आहे. म्हणतो, "वहिनी, आम्ही हजारो स्वयंपाकघरांचा अभ्यास केला. सर्वांत जास्त वापर हळदीचा होतो. म्हणून हळदीची वाटी आम्ही मोठी केली आहे, हिंग मागच्या कप्प्यात नेला आहे, आणि आजपासून वाट्या जागेला रिबेट मारून पक्क्या केल्या आहेत." तो माणूस जिन्यावरून कुठल्या वेगाने खाली जाईल, हे मी सांगायला नको.

कॉम्प्युटरवर लिहिण्याच्या प्रोग्रॅमलाही असाच एक डबा असतो. पडद्याच्या वरच्या अंगाला मेनूची ओळ आणि तिच्याखाली बटणांची रांग, म्हणजे टूलबार. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी गेली अनेक वर्षं बँकेत चहाच्या सुट्टीत मांडत आलो आहे, की या वाट्या फिरवण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आहे. डबा विकणाऱ्याचा नाही, आणि डबा विकत घेऊन देणाऱ्या साहेबाचाही नाही. यावर मंडळी "बरं, चहा निवतोय" असं म्हणतात. त्यांना प्रश्नाचं गांभीर्य कळलेलं नाही.

हा हक्क एके काळी होता, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००३ सालच्या आवृत्तीत 'टूल्स' या मेनूच्या तळाशी, शेवटून दुसरी, 'कस्टमाइज' अशी एक ओळ होती. ती दाबली की पडद्याची अवस्था दिवाळीच्या साफसफाईतल्या घरासारखी व्हायची. काहीही उचला, कुठेही ठेवा. नको असलेलं बटण माउसने धरून खाली कागदावर सोडलं की ते अंतर्धान पावायचं. हवं असलेलं यादीतून ओढून आणायचं. बटणावरचं चित्र आवडलं नाही तर हसऱ्या चेहऱ्यापासून कॉफीच्या कपापर्यंत तयार चित्रं होती, आणि तीही नको असतील तर सोळा बाय सोळा चौकोनांच्या तुकड्यावर स्वतः चित्र काढायची सोय होती. मी एकदा स्टॅम्प पॅड काढलं होतं. पाहणाऱ्यांना ते साबणाची वडी वाटायचं, पण मला कळत होतं आणि पॅड माझं होतं. नेहमी लागणारा मजकूरही बटणाला बांधता यायचा. 'आपल्या खात्यावरील थकबाकीकडे आपले लक्ष वेधण्यात येत आहे' हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या वर्षात इतक्या वेळा टाइप केलं होतं की झोपेत बरळायचो. ते एका बटणात बसलं. घरच्यांना शांत झोप मिळू लागली.

आणि सर्वांत मोठी चैन म्हणजे मेनूंची नावं बदलता येत. एका शनिवारी, बँक बंद झाल्यावर, मी नऊच्या नऊ मेनूंचं बारसं केलं. फाइलचं केलं 'दप्तर'. एडिटचं 'खाडाखोड'. व्ह्यूचं 'दर्शन', इन्सर्टचं 'घुसडा', फॉरमॅटचं 'नट्टापट्टा'. टूल्स म्हणजे 'हत्यारे', टेबल म्हणजे 'चौकटी', विंडोला 'खिडकी' याहून वेगळं काय म्हणणार? राहिलं हेल्प. त्याचं नाव ठेवलं 'धावा'. सरकारी परिभाषा कोशाच्या समितीला हे जमलं नसतं असं मी म्हणत नाही. तिला ते एका शनिवारात जमलं नसतं.

सोमवारी मुख्य कार्यालयातून संगणक खात्याचे एक साहेब आमच्या शाखेत आले.

"हे काय आहे?" त्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"धावा."

"धावा म्हणजे?"

"हेल्प, साहेब."

साहेब काही वेळ 'धावा'कडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या तुमचं यंत्र अडलं आणि तुम्ही मला फोन केलात, की मी सांगणार 'फाइलवर क्लिक करा'. तुम्ही म्हणणार 'इथे फाइल नाही, दप्तर आहे'. मी काय डोकं फोडून घेऊ?"

साहेबांची अडचण खोटी नव्हती. दीडशे शाखा, दर शाखेत आठ-दहा यंत्रं, आणि फोनच्या या टोकाला एकटा माणूस. प्रत्येकाच्या घरी वाट्या वेगळ्या असल्या तर फोनवरून फोडणी सांगता येत नाही, हे मलाही पटतं. पण या अडचणीवर त्याच खिडकीत 'रीसेट' नावाचं बटण दिलेलं होतं. ते दाबलं की सगळं कारखान्यातून आल्यासारखं. फोन करणाऱ्याला आधी रीसेट दाबायला सांगा आणि मग बोला, असं मी नम्रपणे सुचवलं. कारकुनाने साहेबाला नम्रपणे सुचवलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहायला हवा.

पंधरा दिवसांत परिपत्रक आलं. सर्व शाखांतील सर्व संगणकांच्या पडद्यांची मांडणी एकसारखी राहील. वर्डमध्ये आपण केलेली बरीचशी मांडामांड ज्या फाइलमध्ये साठते तिचं नाव 'नॉर्मल' असं आहे. हा विनोद माझा नाही, त्यांचाच. रोज सकाळी यंत्र सुरू झालं की मुख्य कार्यालयाची नॉर्मल येऊन आमच्या नॉर्मलवर बसू लागली. नॉर्मल कशाला म्हणायचं हे यापुढे मुख्य कार्यालय ठरवणार होतं. 'दप्तर' गेलं, 'नट्टापट्टा' गेला, साबणाची वडी विरघळली.

माझं काय, मी तरणाबांड होतो. दोन दिवस हळहळलो आणि पुन्हा 'आपल्या खात्यावरील थकबाकीकडे' बडवायला लागलो. पण आवक-जावक टेबलावर एक ताई बसायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, टाइपरायटरवर मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिलेल्या. त्यांना काचबिंदू होता. काचबिंदूत नजर बहुधा कडेकडेने जाते. समोरचं अक्षर दिसतं, बाजूचं पुसट होत होत नाहीसं होतं. कागदावर लिहिणाऱ्याला मान वळवून काम भागवता येतं. पण सतरा इंची पडद्याच्या वरच्या काठाला, नखाएवढ्या पन्नास चित्रांतून एक शोधणं म्हणजे ताईंना जत्रेत पोर शोधण्यासारखं होतं.

त्यांच्यासाठी मी एक वेगळा टूलबार केला होता. त्या आवृत्तीत टूलबार काठावरून उचलून कागदाशेजारी, अगदी नजरेसमोर, सुटा ठेवता यायचा. बटणं मोठी करायचीही सोय होती. ताईंच्या सुट्या डबीत फक्त पाच बटणं होती : उघडा, ठेवा, छापा, नोटीस, आणि 'चुकलं'. शेवटचं म्हणजे अन्डू. हे नाव त्यांनीच सुचवलं. म्हणाल्या, "अरे, चुकल्यावर माणूस काय म्हणतो? तेच लिही." त्या पाच बटणांवर ताई एका दुपारी चाळीस नोटिसा काढायच्या. तरण्याबांड माणसाला तेवढ्या जमत नव्हत्या.

परिपत्रकानंतर ती डबी रोज सकाळी गायब व्हायची. मी चार-पाच दिवस साडेदहाच्या आधी येऊन ती पुन्हा मांडून दिली. मग संगणक खात्याने 'कस्टमाइज'लाच कुलूप घातलं. ताईंच्या नोटिसा चाळिसावरून बारावर आल्या. वर्षअखेरीला त्यांच्या गोपनीय अहवालात 'कामाचा वेग समाधानकारक नाही' असा शेरा पडला, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांना पाकिटांवर तिकिटं चिकटवायच्या टेबलावर नेलं. तिथे मात्र सगळं हाताशी होतं. डाव्या हाताला पाकिटं, उजव्या हाताला स्पंज. ती मांडणी कुणी परिपत्रकाने बदलली नाही.

एकसारखेपणाचं कौतुक ऐकलं की मला ते तिकिटांचं टेबल दिसतं. म्हणून माझा आवाज चढतो. चहा निवतो.

संगणक खात्याचा पक्ष कमकुवत म्हणावा, तर कारखानदारांचा पक्ष आकडेवारीवर उभा आहे, आणि आकडेवारी म्हटली की आमच्या हद्दीत पाऊल पडलं. वर्डचं रूप २००७ साली पार बदललं. मेनू आणि टूलबार दोन्ही काढून तिथे 'रिबन' नावाची रुंद पट्टी आली. ती का आणली, हे मायक्रोसॉफ्टच्या जेन्सन हॅरिस या गृहस्थांनी त्या काळात फार मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. माणूस सरळ असावा, कारण त्याने आपल्या विरुद्ध वापरता येतील असे आकडेही दिले. २००३ च्या वर्डमध्ये टूलबारच एकतीस झाले होते. वापर मात्र भलत्याच थोड्या गोष्टींचा. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अन्डू आणि बोल्ड या पाच आज्ञा मिळून एकूण वापराच्या सुमारे ३२ टक्के भरत. (ताईंच्या पाचांतली दोन यात आहेत, हे नोंदवून ठेवतो.) आणि मांडणी बदलणारे? ऑफिस शंभर वेळा उघडलं गेलं, तर त्यात दोन वेळासुद्धा बदललेली मांडणी आढळत नव्हती. आणि ज्यांनी बदलली होती त्यांतल्या बहुतेकांनी एखाददुसरं बटणच हलवलेलं. म्हणजे, लोकांना हे नको आहे.

थांबा. एक तर, दोन टक्के म्हणजे काय ते बँकेतल्या माणसाला विचारा. फिक्स्ड डिपॉझिटचं व्याज अर्ध्या टक्क्याने उतरलं तर ज्येष्ठ नागरिक मोडलेलं डिपॉझिट आणि मोडलेलं मन घेऊन समोरच्या बँकेत जातात. जगभर जो प्रोग्रॅम कोट्यवधी लोक वापरतात त्याचे दोन टक्के म्हणजे एखादं शहर भरेल.

दुसरं म्हणजे, लॉकरची किल्ली न देता 'लॉकर कुणी उघडत नाही' असा निष्कर्ष काढण्यातला हा प्रकार आहे. 'कस्टमाइज' मेनूच्या तळाशी. आमच्या बँकेत तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, जेवणात श्रीखंड होतं, पण त्या ओळीचा उल्लेख कुणी केला नाही. जिथे केला तिथे पुढे कुलूप घातलं.

आणि एखाददुसरंच बटण हलवलं म्हणून ती हौस किरकोळ ठरत नाही. माणूस राहत्या जागेच्या भिंती पाडत नाही, खिळा ठोकतो. दारामागे छत्रीसाठी एक, देवघराशेजारी कॅलेंडरसाठी एक. दोनच खिळे. म्हणून घरमालकाने 'भाडेकरूंना खिळ्यांची गरज नाही असं पाहणीत आढळलं' म्हणत लोखंडी भिंती बांधायच्या काय?

पहिल्या पाच आज्ञा सर्वांच्या सारख्या, हे कबूल. हळद-मीठ सगळ्यांच्याच घरात लागतं. उरलेले ६८ टक्के मात्र ज्याचे त्याचे असतात. वकिलाला तळटीप लागते, मास्तरांना वर्गमूळ, आम्हांला रकमांचा तक्ता, पत्रिका छापणाऱ्याला कोपऱ्यातली वेलबुट्टी. तिथेच तर वाट्या फिरवायच्या असतात.

कारखानदारांनी त्याआधी आणखी एक प्रयोग करून पाहिला होता, तो तर उपाहारगृहात शोभावा. ऑफिस २००० पासून मेनू स्वतःच स्वतःला आवरू लागले. जी आज्ञा तुम्ही बरेच दिवस वापरली नाही ती ते लपवून ठेवत. मेनूच्या तळाशी दोन बाणांची खूण असे. ती दाबली, किंवा माउस घेऊन नुसते ताटकळत राहिलात, की उरलेला मेनू खाली उलगडायचा. म्हणजे तुम्ही नेहमीच्या हॉटेलात गेलात आणि कार्डावर साबूदाणा वडा दिसेना. विचारलं तर वेटर म्हणतो, "आपण गेल्या महिन्यात मागवला नाहीत, म्हणून काढला. पण जरा वेळ असेच बसून राहिलात तर परत लिहू." याला ते वैयक्तिक मेनू म्हणत. माझ्या खोलीत मी पसारा मांडला तर ती माझी व्यवस्था असते. माझ्या गैरहजेरीत कुणी ती आवरली, तर कितीही प्रेमाने आवरली असली तरी ती चोरीच्या जवळची वस्तू होते. बरं, हे बंद करायची खूणही त्याच 'कस्टमाइज'च्या पोटात ठेवली होती.

रिबन आली तेव्हा फाइल मेनूच्या जागी एक गोल चिन्ह आलं. ते शोभेचं आहे असं समजून कित्येक लोक छापायचं कुठून म्हणून हिंडत राहिले. तीन वर्षांनी, २०१० च्या आवृत्तीत, 'फाइल' हा शब्द गुपचूप परत आला. रिबनमध्ये आपले कप्पे करायची थोडी मुभाही तेव्हाच मिळाली. पण मुभा म्हणजे कशी, तर चाळीत नव्या भाडेकरूला मिळते तशी. तुम्ही आपला नवा कप्पा जोडू शकता. त्यांचा अख्खा कप्पा काढू शकता. त्यांच्या कप्प्यातलं एकटं बटण मात्र उचलून हलवता येत नाही. कोपऱ्यात एक बारीक पट्टी तेवढी आपली असते, तिच्यावर हवं ते ठेवता येतं. कुठल्याही बटणावर माउसची उजवी कळ दाबा, 'अ‍ॅड टु क्विक अ‍ॅक्सेस टूलबार' म्हणा, ते तिथे जाऊन बसतं. मग ऑल्ट धरून १, २, ३ असे आकडे दाबले की ओळीने ती बटणं चालतात. वाचकांपैकी ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी आज रात्रीच करून पाहावं. जो खिळा आहे तो तरी ठोकून घ्या.

माझा भाचा पुण्यात प्रोग्रॅम लिहितो. त्याच्यासमोर मी हे सगळं एकदा आवेशाने मांडलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, आम्ही तर टूलबारच काढून टाकतो. जागा खातो." त्याचा तो ईमॅक्स नावाचा प्रोग्रॅम १९७६ सालापासूनचा, म्हणजे आमच्या दोघांहून वडील. त्यात कुठली कळ दाबली की काय व्हावं हे वापरणारा ठरवतो. मेनू नको, मेनू घालवतो. टूलबार नको, एक ओळ लिहून तो घालवतो. मी बघितलं तर पडद्यावर नुसता काळोख आणि अक्षरं. स्वयंपाकघरातून मसाल्याचा डबाच बाहेर काढून सगळे मसाले मुठीत घेऊन उभं राहिल्यासारखं. मला ते झेपणार नाही. पण तो ते कुणाला न विचारता करू शकतो, याचा मला हेवा वाटला.

म्हणजे जे यंत्राची भाषा जाणतात त्यांना वाट्या फिरवता येतात, आणि जे जाणत नाहीत त्यांच्या वाट्यांना रिबेट. पाचशे नोटिसा काढणाऱ्या बाईला पाच बटणांचा हक्क नाही, आणि पाचशे बटणं बनवणाऱ्या मुलाला एकाचीही गरज नाही!

या अंधारात एक बरी गोष्ट आहे. लिब्रेऑफिस नावाचा, फुकट मिळणारा लिहिण्याचा प्रोग्रॅम. त्यात 'टूल्स'खाली 'कस्टमाइज' अजून शाबूत आहे. मेनू बदला, बटणं हलवा, नावं ठेवा. ज्यांना रिबनसारखी पट्टी हवी त्यांना २०१९ पासून तीही मिळते आणि ज्यांना जुनी रांग हवी त्यांची जुनी रांग कुणी काढून घेतलेली नाही. बटणांची चित्रं लहान, मोठी, अतिमोठी अशी ठरवता येतात. मेनू मराठीतही मिळतो. त्यात 'धावा' नाही, पण तो घालता येतो. एवढं सगळं एकाच घरात नांदतं. म्हणजे 'दोन्ही एकदम जमत नाही' हा युक्तिवाद माझ्यापुढे कुणी करू नये.

ताई आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डोळ्यांत थेंब घालून त्यांनी आहे ती नजर टिकवली आहे आणि त्यांच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं त्या स्वतः टाइप करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जाऊन मी हा प्रोग्रॅम घालून दिला आणि पाच अतिमोठी बटणं मांडून दिली. नोटिशीच्या जागी या वेळी 'ठराव' आहे, आणि सोसायटीत ठराव थकबाकीचेच असल्यामुळे मजकुरात फारसा फरक पडलेला नाही.

परवा त्यांचा फोन आला. मी विचारलं, "ताई, बटणं चालताहेत ना?"

"चालताहेत रे. 'छापा' तेवढं तू मध्ये ठेवलं होतंस. मला ते 'चुकलं'च्या पलीकडे हवं होतं. काल नातीला बसवून हलवून घेतलं."